डावं बटण

बारक्या हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. माणूस सहा फुटी, दारातून येताना वाकायची सवय लागलेली, पण अक्काचा धाकटा भाऊ म्हणून बारक्या तो बारक्याच. दोघं एकाच कारखान्यात कामाला. तिथे डब्यांची पत्र्याची झाकणं बनत. बारक्या प्रेसवर झाकणं दाबायचा आणि अक्का दोन दालनं पलीकडे तीच झाकणं शंभर-शंभर मोजून कागदात गुंडाळायची. एकोणीस वर्षं भाऊ दाबतोय, बहीण गुंडाळतेय, असं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, बारक्याच्या डाव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. अंगठा तेवढा राहिला.

बोटं गेली त्याचं दुःख काय सांगायचं, ते होतंच. पण अक्काच्या जिवाला खरं लागलं ते अहवालातल्या एका ओळीने. कारखान्याने पंधरा दिवसांत अहवाल केला आणि त्यात लिहिलं, 'कामगाराने सुरक्षेचे साधन स्वतःहून निकामी केले. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.' झालं. एवढ्या ओळीत बारक्याची नोकरी गेली, भरपाई गेली, आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं फाटकही बंद झालं, कारण जो तो आधी हा कागद मागतो. लोक भेटायला येत, हाताकडे बघून हळहळत आणि जाताना म्हणत, जरा सांभाळून काम करायला हवं होतं रे. बारक्या मान डोलवायचा. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो 'स्वतःहून' शब्द त्या कागदावरून खोडला जावा, एवढीच एक गोष्ट तिला या जगाकडून हवी होती.

आता हे साधन म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, चांगल्या हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की आत हात राहणारच कसा? ज्याने हे शोधलं त्याच्या डोक्याला दाद द्यायला हवी. पण अशा रीतीने पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही बटणं दाबायची, झाकण काढायचं, असं केलं तर एका पाळीत सातशे झाकणं होतात. फारच जीव काढला तर साडेसातशे. आणि कारखान्याला हवीत नऊशे. मग डावं बटण रबरी पट्टीने आवळून दाबलेलंच ठेवायचं. म्हणजे काम उजव्या बटणावर भागतं आणि डावा हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो. कारखान्यात याला 'डावं बांधणं' म्हणत. सगळे बांधत. जो बांधत नसे त्याची नऊशे भरत नसत, आणि ज्याची भरत नसत तो महिन्याभरात घरी.

आणि ही पट्टी यायची कुठून? सुपरवायझर द्यायचा. रोज सकाळी तो पत्र्याचा एक डबा घेऊन प्रेसच्या रांगेतून फिरायचा आणि प्रत्येक यंत्राशी सायकलच्या ट्यूबची एक कापलेली पट्टी ठेवायचा. संध्याकाळी मोजून परत. तपासणीला कुणी आलंच तर कारखान्यात औषधालासुद्धा पट्टी सापडायची नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. अहवालात मात्र पट्टी आली आणि सुपरवायझर आला नाही.

बारक्याच्या नावाने अहवालाविरुद्ध कामगार कार्यालयात अर्ज केला होता आणि त्याची सुनावणी व्हायची होती. अक्काने अकरा जणांना विचारलं, की बाबांनो, सुनावणीत एवढं सांगाल का, पट्टी कोण देतं ते. अकराच्या अकरांनी कानावर हात ठेवले. त्यांना तरी काय बोलणार? सगळ्यांचं हातावर पोट. आणि खरं सांगायचं तर अक्का स्वतः तरी कुठे बोलली होती? घरात आता तिचाच काय तो पगार येत होता.

बारक्याची मुलगी चिमी. तिची आई ती चार वर्षांची असताना वारली, तेव्हापासून अक्कानेच तिला वाढवलं. चिमी एका ऑफिसात फोनवरच्या गेमसाठी चित्रं काढायची. चित्रं म्हणजे राजे, घोडे असलं काही नाही, ते मोठ्या लोकांकडे असे. चिमीकडे दगड. भिंतीतले दगड, रस्त्यातले दगड, नदीतले दगड. आजवर हजारभर दगड काढले असतील पोरीने, आणि एका दगडावरही तिचं नाव नव्हतं. ती एका रविवारी येऊन म्हणाली, "आत्या, मी बाबांच्या प्रेसचा गेम करते."

अक्काला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. बापाची बोटं गेली आणि ही खेळ करतेय. तिने फाडफाड बोलूनही घेतलं. पण चिमी बोलून दमली नाही. तिचं म्हणणं असं, की लोक वाचत नाहीत, ऐकत नाहीत, पण खेळतात. खेळणाऱ्याला दोन बटणं द्यायची आणि सांगायचं, नऊशे कर. होत नाहीत म्हटल्यावर सुपरवायझर येणार, पट्टी हातात ठेवणार आणि घड्याळ दाखवणार. पट्टी लावली की झाकणं भराभर होणार आणि मग कधीतरी हात जाणार. अहवालात काय लिहिलंय आणि खरं काय घडतं, ते माणसाला स्वतःच्या अंगठ्याने कळेल. शेवटी एक पान येईल, त्यावर सही करायची. सगळ्या सह्या सुनावणीच्या साहेबांकडे जातील.

कामगारांसाठी समाजमाध्यमांवर मोहिमा चालवणारी एक संस्था होती. तिथल्या ताईंना चिमीने हे सांगितलं आणि त्या उडाल्याच. मोठ्या उत्साही बाई. बोलताना समोरच्याचा हात हातात घेत, आणि पहिल्या दिवशी चुकून बारक्याचा डावा घेतला, तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मनाच्या वाईट होत्या असं अक्का आजही म्हणत नाही.

तीन रविवार अक्का सांगत होती आणि चिमी लिहून घेत होती. ठोकळा पडतो तेव्हा आवाज कसा होतो, बटणाचा रंग कुठल्या बाजूने उडालाय, पाय कधी भरून येतात, पट्टीची गाठ कशी मारतात. बारक्या भिंतीला टेकून बसायचा आणि अधूनमधून एखादी दुरुस्ती सांगायचा. एकोणीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याला बरंही वाटत असावं.

चौथ्या रविवारी चिमीने गेम आणून दाखवला. सुपरवायझर हुबेहूब उतरला होता. तेच पोट, पट्ट्यात अडकवलेला तोच किल्ल्यांचा जुडगा, तोच डबा, आणि डब्याच्या झाकणाला तोच पोचा. त्या पोच्याची गोष्ट आपणच सांगितली हे अक्काला आठवलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या हा माणूस फोनवर स्वतःला बघणार. डब्याला पोचा आहे हे बाहेर कुणी सांगितलं, हे ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"याला काढ," ती म्हणाली.

"आत्या, अगं सगळा गेम याच्यावर आहे."

"माझी नोकरी आहे याच्यावर. काढ म्हणते ना."

ताईही तिथे होत्या. त्यांनीही हेच बरं म्हटलं, पण त्यांचं कारण वेगळं. तो माणूस संस्थेवर दावा ठोकेल ही त्यांना धास्ती. मग पट्टी देणार कोण, असं चिमीने विचारलं. ताईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, यंत्राला एक ड्रॉवर दाखव. त्यात पट्टी असू दे. खेळणाऱ्याने स्वतः काढावी. त्यात अजून जोर आहे, माणसाला स्वतःचीच टोचणी लागेल.

चिमी बापाकडे बघत राहिली. बारक्या फोनचा पडदा निरखत होता. म्हणाला, "आपल्या प्रेसला ड्रॉवर कुठे आहे?"

सगळे हसले. त्याचं हे नेहमीचंच, एखादा खिळा कुठे नाही आणि कुठे आहे ते बघत बसायचं. अक्कासुद्धा हसली. तो काही हसला नाही, पण पुढे बोललाही नाही. सुपरवायझर गेला, ड्रॉवर आला.

गेम जो सुटला तो सुटलाच. पहिल्या आठवड्यात हजारांत होता, महिन्याभरात लाखांत गेला. ताईंचा रोज फोन, आज इतके झाले, आज तितके झाले. कुठल्या कुठल्या देशांतले लोक झाकणं दाबत होते. चिमी आत्याला लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवायची. कुणी लिहायचं, डोळे उघडले. कुणी लिहायचं, आजपासून डबा उघडताना त्या हातांची आठवण येईल. आणि मग खाली लिहिलेलं असायचं, माझा अकरा वेळा हात गेला, हसून हसून पोट दुखलं. ते चिमी वाचायची नाही, पण अक्का आता स्वतःच फोन बघायला शिकली होती. गेम खेळणाऱ्यांत एक म्हणणंच पडून गेलं होतं, की पट्टी पहिल्या मिनिटालाच काढा, उगाच वेळ कशाला घालवायचा.

कारखान्यातही जेवणाच्या सुट्टीत माना फोनमध्ये. दिवसभर खरी झाकणं दाबायची आणि सुट्टीत खोटी, काय म्हणावं या लोकांना. एक दिवस सुपरवायझर अक्काच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो म्हणाला, तुमच्या भाचीने केलाय म्हणे तो गेम, छान केलाय, मीही खेळतो, आठशे ऐंशीवर अडकलोय. आणि हसत निघून गेला. अक्काने सुटकेचा श्वास टाकला. त्याच क्षणी तिला घाबरायला हवं होतं, पण ते शहाणपण नंतरचं.

सुनावणीच्या दिवशी सह्या दोन लाखांच्या वर होत्या. ताईंनी त्या छापून, गठ्ठे बांधून, एका ढकलगाडीवरून आणल्या. खोली लहानशी होती. तीन टेबलं, पाण्याचा एक जग, खिडकीच्या तुटलेल्या काचेला चिकटपट्टी. गठ्ठे ठेवायला जागाच नव्हती, म्हणून दाराशी रचले. साहेब वयस्क, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी गठ्ठ्यांकडे बघून विचारलं, यात कुणी कारखान्यात काम करणारं आहे का? ताई म्हणाल्या, जगभरातले लोक आहेत. साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, अक्काला दिसलं नाही.

मग कारखान्याच्या वकीलबाई उठल्या. अक्काला वाटलं होतं की कुणी तावातावाने बोलणारा उभा राहील, तर या अगदी मऊ आवाजाच्या. गेमचं त्यांनी कौतुकच केलं. म्हणाल्या, आमच्याकडे सांगण्यासारखं वेगळं काही नाही साहेब, अर्जदारांच्या घरच्यांनीच सगळं दाखवलं आहे, आपण फक्त एकदा खेळून बघा. आणि त्यांनी आपला टॅब साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. आधी दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं, मन लावून. कोपऱ्यात घड्याळ पळतंय, झाकणांचा आकडा मागे पडतोय. मग त्यांना ड्रॉवर दिसला. त्यांनी तो उघडला, पट्टी काढली आणि डाव्या बटणाला लावली. आकडा धावायला लागला, साहेबांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं, आणि एवढ्यात ठोकळा पडला आणि पडदा लाल झाला. खोलीत दोघं-तिघं हसले. साहेबही ओशाळून हसले.

"पट्टी कुणी लावली, साहेब?" वकीलबाईंनी विचारलं.

"मीच लावली."

"आपल्याला कुणी दिली?"

"दिली कुणीच नाही. ड्रॉवरमध्ये होती."

वकीलबाई खाली बसल्या. एवढंच त्यांचं बोलणं.

अक्काने चिमीकडे बघितलं, तर पोर पांढरीफटक पडलेली. बारक्या समोरच्या पाण्याच्या जगाकडे बघत होता. आणि मग, एकोणीस वर्षांत वर मान करून न बोललेली अक्का उठून उभी राहिली. नोकरी गेली खड्ड्यात, असं तिच्या मनाने त्या घटकेला घेतलं. ती म्हणाली की पट्टी सुपरवायझर देतो. रोज सकाळी देतो, पत्र्याच्या डब्यातून, मोजून देतो आणि मोजून घेतो. ड्रॉवर वगैरे काही नाही त्या प्रेसला. सगळं सांगितलं तिने, पोच्यासकट. सांगताना तिचा आवाज इतका चढला की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला.

वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गेमची माहिती तुम्हीच दिली होती ना?"

"हो. मीच."

"मग त्यात सुपरवायझर कुठे आहे?"

"होता. मी काढायला लावला."

"का?"

"नोकरी जाईल म्हणून. भीती वाटली."

"म्हणजे भीती वाटली की तुम्ही खोटं दाखवता." आवाज अजूनही तसाच मऊ. "तेव्हा नोकरीची भीती होती. आज भावाची केस जाईल ही भीती आहे. यातलं खरं कधीचं धरायचं, तुम्हीच सांगा."

अक्काकडे उत्तर होतं, पण ते शब्दांत बसेना. ती उभीच राहिली, साहेबांनी बसा म्हटलं तरी तिला कळलं नाही, चिमीने पदराला धरून तिला खाली बसवलं.

वकीलबाईंकडे अजून एक होतं. एक व्हिडिओ. कुठल्यातरी देशातल्या कुणा पठ्ठ्याने पट्टीला हातही न लावता, दोन बटणांनी नऊशे बारा झाकणं केली होती. हा व्हिडिओ ताईंच्याच संस्थेने कौतुकाने सगळीकडे फिरवला होता, खाली बदामांची रांग. म्हणजे नऊशे होतात, साहेब. मन लावलं तर होतात. चिमी उठून म्हणाली की ती फोनची बटणं आहेत, त्यांना वजन नाही, त्या मुलाने आठ तास उभं राहून पत्रे नाही उचलले, मी खेळ सोपा केला होता, लोक कंटाळू नयेत म्हणून. बोलता बोलता तिला हुंदका आला. साहेबांनी तिला पाणी द्यायला सांगितलं.

अहवालातली ओळ राहिली. तिच्याखाली साहेबांनी आणखी एक ओळ घातली, की अर्जदाराच्या कुटुंबीयांनी स्वतः तयार केलेल्या साधनातूनही हीच गोष्ट दिसून येते. सह्यांचे गठ्ठे परत न्या म्हणून सांगितलं. ढकलगाडी तोवर निघून गेली होती, म्हणून ताई आणि बारक्या मिळून ते खाली उतरवत होते, बारक्या उजव्या हाताने आणि छातीने.

अक्काला कारखान्यातून काढलं नाही. एवढा तमाशा झाल्यावर काढणं बरं दिसत नाही, म्हणून तिला गुंडाळायच्या टेबलावरून उठवून आवार झाडायला लावलं. दीड महिन्यात तिने स्वतःच सोडलं. कारखान्याच्या कागदावर 'स्वतःहून' सोडली असंच लागलं, आणि या खेपेला तक्रार करायला तोंडही नव्हतं.

ताईंचा एकदा फोन आला. म्हणाल्या, निकाल वाईट लागला, पण जागृती तर झाली, तिला काही मोल आहे की नाही? अक्का म्हणाली असेल बाई, आणि फोन ठेवला. नंतर कळलं की ताईंनी आता नद्यांचं काहीतरी काम हाती घेतलंय आणि त्याचाही गेम येणार आहे.

चिमीने आठ दिवस रजा काढून सुपरवायझर परत घातला. डबा, पोचा, किल्ल्या, सगळं. ड्रॉवर काढून टाकला. पण लोकांना तो नवा गेम आवडेना. हा जाड्या मध्ये मध्ये येऊन बोलतो, वेळ खातो, जुना परत द्या, अशी ओरड सुरू झाली. मग तिने गेमच बंद करून टाकला. तर कुणीतरी जुन्याची नक्कल करून ठेवलेली होतीच, ती चालू राहिली. तिच्यात शेवटचं सहीचं पानही नव्हतं. नुसती झाकणं, ड्रॉवर आणि पट्टी. चिमी परत दगडांकडे गेली. बापाशी बोलताना ती हल्ली त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, आणि अक्काशी बोलते तेव्हा मुद्दाम गोड बोलते, ते तर अक्काला अजून सोसत नाही. ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

बारक्या काम शोधत होता. उन्हाळा गेला, पुढचा हिवाळा आला. शेवटी कुणाच्यातरी ओळखीने बिजागऱ्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बोलावणं आलं. कोठीत मालाची नोंद ठेवायची, एका हाताने होण्यासारखं काम. अक्का सोबत गेली. हल्ली ती त्याला एकटा सोडत नसे.

मालक तरुण आणि हसतमुख होता. त्याने कागद बघितला, मग हाताकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "अहो, तुम्ही म्हणजे ते गेमवाले?" त्याने दोघा-तिघांना हाका मारून बोलावलं. बारक्याला मध्ये उभं करून फोटो काढला, हात जरा वर धरा म्हणाला, आणि बारक्याने धरला. अक्काने चहा नको म्हटलं तरी चहा आणवला. मग कागदाची घडी घालून परत देत तो म्हणाला, कामाचं असं आहे काका, कोठीतून माणूस कधीमधी प्रेसवरही बसवावा लागतो, आणि तुमच्या कागदावर हे असं लिहिलेलं, विमावाले आम्हाला उभं करणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. मोठं काम केलंत तुम्ही लोकांनी.

बाहेर पडायची वाट प्रेसच्या रांगेवरून होती. पाच प्रेस, आकाराने लहान, रंग अजून उतरलेला नाही. बारक्या चालता चालता पहिल्याच प्रेसशी थांबला. अक्का पुढे गेली होती, ती मागे वळली आणि तिलाही दिसलं. डावं बटण निळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेलं होतं. पलीकडच्याचंही. पाचही प्रेसचं.

यंत्रावर तिशीतली एक बाई होती. बारक्याने तिला विचारलं, "ही पट्टी तुम्हाला कोण देतं?"

"देतं कोण? आमची आम्हीच कापतो." तिचे हात चालूच होते. "मालकाला तर ठाऊकही नाही. तो एक गेम आहे ना झाकणांचा, त्यात बघितलं. आधी सातशेवरच गाडं अडायचं आमचं."

अक्काला काय झालं कुणास ठाऊक, तिने हात घालून ती पट्टी ओढायला घेतली. बाईने तिचं मनगट धरलं. रागाने नाही, पण घट्ट धरलं. म्हणाली, "मावशी, माझी बाकीची दोनशे तुम्ही भरणार का?" आणि अक्काचा हात बाजूला सारून पट्टीची गाठ पुन्हा ओढून घेतली.

बारक्याने डावा हात खिशातून बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला. बाईने प्रेस थांबवला. तिने तो हात नीट बघितला, अंगठा आणि त्याच्या बाजूची सपाट जागा, आणि तिला खरंच वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अरेरे," ती म्हणाली. "घाई केली असेल तुम्ही."

मग तिने पुढचा पत्रा डाव्या हाताने आत सरकवला आणि उजवं बटण दाबलं.